घशाचा टीबी, पाचवा महिना : गोळ्या आत्ता सुरू करू की बाळंतपणानंतर?

बावड्याची_लेक

नमस्कार मंडळी. बोलायला आवाज उरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी कसबा बावड्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. दुसऱ्या खेपेची आहे, पाचवा महिना लागलाय. थोरली चार वर्षांची. अडीच महिन्यांपासून आवाज बसलाय. आधी सगळे म्हणाले, पोरांवर ओरडून बसला. मग म्हणाले, या दिवसांत पित्त वर येतं, त्यानं बसतो. ज्येष्ठमध चघळून झालं, हळद-दूध झालं, एका दवाखान्यातून तीन वेळा अँटिबायोटिक आणून झाली. गेल्या महिन्यापासून घास गिळताना कानापर्यंत कळ जायला लागली. शेवटी बहिणीनं हाताला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, स्वरयंत्रावर जखम दिसली. तुकडा काढून तपासायला पाठवला, थुंकीही तपासली. परवा रिपोर्ट आला. टीबी.

सीपीआरमधून, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातून, गोळ्या आणल्यात. अजून एकही घेतली नाही. सासूबाई म्हणतात, "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाळ हातात येऊ दे, मग घे." त्या वाईट नाहीत हो, त्यांचाही जीव बाळातच अडकलाय. नवरा गप्प आहे. काल रात्री पाकीट उशाशी घेऊन नुसती बसून होते.

पोटुशी असताना कुणी या गोळ्या घेतल्या आहेत का? आणि थोरलीला जवळ घेऊ की नको? ती रात्री माझ्याच कुशीत झोपते.

रंकाळावारा

ताई, घाबरू नका. माझ्या जावेला सहाव्या महिन्यात घशाचा टीबी निघाला होता, मानेत सुपारीएवढ्या गाठी होत्या. सहा महिने गोळ्या घेतल्या, मुलगा आता तालमीत जातो. हा टीबी कुणाला लागत नाही, मुलीला खुशाल कुशीत घ्या.

कट्ट्यावरचा

रोज सकाळी गंगावेशीत या, समोर पिळलेलं म्हशीचं एक ग्लास दूध मारा. आमचे पैलवान त्यावरच उभे आहेत. अंगात ताकद आली की आजार पळतोय बगा.

छातीठोक

बावड्याच्या ताई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद आपुलकीचे आहेत, पण दोन्हींत दुरुस्ती हवी, आणि ती आजच हवी.

रंकाळावारा, तुमच्या जावेचा तो मानेतल्या गाठींचा टीबी, जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणतात तो. त्यात जंतू गाठीच्या आत असतात, खोकल्यातून बाहेर पडत नाहीत. तो लागत नाही हे खरं. ताईंचा स्वरयंत्राचा आहे. त्याच्यासोबत बहुतेक वेळा फुप्फुसातही आजार असतो, आणि खोकताना, बोलताना, हसताना जंतू थेट हवेत जातात. टीबीच्या सगळ्या प्रकारांत हा लागण करण्यात फार पुढे आहे. लोक दोघांनाही "घशाचा टीबी" म्हणतात आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला देतात.

आता मूळ प्रश्न. ताई, गोळ्या आत्ता. चार महिने थांबलात तर जंतू थांबणार नाहीत. उपचार न केलेल्या टीबीत बाळ वजनानं कमी भरतं, दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात, आणि जन्मल्यावर पहिला श्वास ते तुमच्या शेजारी घेतं. तेव्हा तुमची थुंकी जंतूंनी भरलेली असली तर त्या बाळाचं काय? आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही औषधं वारेतून बाळापर्यंत पोचतात, पण जगभर गरोदर बायकांना ती कित्येक वर्षं दिली जातायत आणि त्यांनी बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. टाळायचं असतं ते स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्यानं बाळाच्या कानाला इजा होते. तुम्हाला ते दिलेलं नाही.

सासूबाईंना पुढच्या खेपेला सोबत आणा. माझ्याकडे नव्हे, तुम्ही जिथे जाता तिथेच. सुनेनं सांगण्यापेक्षा डॉक्टरनं समोर बसून सांगितलेलं त्यांच्या जिवाला जास्त धीर देईल.

रंकाळावारा

डॉक्टर, चूक मान्य. ताई, माझा मुलीबद्दलचा सल्ला सोडून द्या. बरं झालं कुणीतरी लगेच बोललं.

आक्का_गडहिंग्लज

मी ३१ वर्षं नर्स होते, आता घरी असते. बाळा, पहिली गोष्ट, पाकीट उशाशी ठेवू नकोस, लेकीच्या हाताला लागेल. उंच फळीवर ठेव.

दुसरी गोष्ट. ताट-वाटी, पेला, अंथरूण-पांघरूण यातून टीबी पसरत नाही. हवेतून पसरतो. घरोघरी हेच उलटं बघितलं मी. सुनेची ताटली वेगळी मांडायची, तिला मोरीजवळ बसवून जेवायला घालायचं, आणि रात्री खिडक्या घट्ट लावून सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं. खिडकी उघडी ठेव, उन्हाची तिरीप आत येऊ दे, तोंडाला मास्क लाव, खोकताना पदर नाही तर रुमाल. लेकीला थोडे दिवस आजीकडे झोपव. तिला सांग की आईच्या घशाला बाऊ झालाय. चार वर्षांच्या पोराला कळतं सगळं.

आणि लेकीला तपासून घ्या. पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असलं की ते सगळ्यात आधी बघायचं.

छातीठोक

आक्कांना पूर्ण अनुमोदन. मुलीत टीबी नाही याची खात्री झाली की तिला प्रतिबंधक औषध देतात, पाच वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे ६ महिने आयसोनियाझिड, वजनाप्रमाणे. घरातल्या मोठ्यांचीही तपासणी करा. औषधाला जंतू दाद देत असतील तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत लागण करण्याची ताकद झपाट्यानं कमी होते. मुलीपासून कायमचं लांब राहायचं नाहीये. किती दिवस ते तुमचे डॉक्टर थुंकी बघून सांगतील.

परदेशी_मैना

थोडं वेगळं मत मांडते. मी न्यू जर्सीत असते, माहेर राजारामपुरी. तीन वर्षांपूर्वी मलाही गरोदरपणात टीबी निघाला, फुप्फुसाचा. इथल्या डॉक्टरांनी पायराझिनामाइड हे चौथं औषध दिलंच नाही. गर्भावर काय परिणाम होतो याची पुरेशी माहिती नाही म्हणाले. तीन औषधं २ महिने आणि मग दोन औषधं ७ महिने, असा ९ महिन्यांचा कोर्स झाला. ताईंच्या पाकिटात चारही औषधं असणार. सुरू करण्याआधी एकदा विचारावं असं मला मनापासून वाटतं.

छातीठोक

मैनाताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते अमेरिकेतल्या पद्धतीला धरूनच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आपला राष्ट्रीय कार्यक्रम मात्र गरोदरपणातही चारही औषधं देतात. आपल्याकडे पहिले २ महिने चार, पुढचे ४ महिने पायराझिनामाइड वगळून तीन. चौथं औषध काढलं की कोर्स ९ महिन्यांवर जातो. आपल्याकडे आजार आढळेपर्यंत तो बराच पसरलेला असतो, आणि लांबलेला कोर्स मधेच सुटण्याची भीतीही मोठी. दोन्हीकडची माणसं बाळाचाच विचार करतायत, तराजूत टाकलेली वजनं वेगळी आहेत.

विचारायला काहीच हरकत नाही. पण "विचारेपर्यंत थांबते" असं नको. आजच विचारा, आजच सुरू करा.

परदेशी_मैना

पटलं. थांबा असं मलाही म्हणायचं नव्हतं. ताई, माझी मुलगी आता अडीच वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते.

वैद्यबुवा

कुणी म्हणायच्या आत मीच लिहितो. गंडमाळेवर आमच्याकडे कांचनार गुग्गुळ सांगितलेला आहे, आणि लोक माझ्याकडे तो मागायला येतात. टीबीचा रिपोर्ट हातात असलेल्या बाईला मी तो गोळ्यांच्या ऐवजी कधीच देत नाही, गरोदर असेल तर मुळीच नाही. सरळ सीपीआरला पाठवतो. ताईंना कुणी काढा, भस्म, उतारा सुचवला तर नम्रपणे नको म्हणावं.

आणि कट्ट्यावरच्या दादांच्या धारोष्ण दुधाबद्दल. दादा, गंगावेशीतलं दूध मीही प्यालो आहे, त्याची चव मला ठाऊक आहे. पण न उकळलेल्या दुधातून जनावरांचा टीबी माणसात येऊ शकतो, आणि तो बहुधा मानेच्या गाठींत किंवा आतड्यात बसतो. पोटुशीला कच्चं दूध नकोच. घरी आणून चांगलं उकळून द्या, मग दोन ग्लास द्या.

कट्ट्यावरचा

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात बी सून पोटुशी हाय, तिला मी रोज आणून देत होतो. आजपासून उकळून.

हुपरीकर

गंभीर चर्चेत एक हलकी शंका. आवाजाला विश्रांती द्यायची म्हणे. कोल्हापूरच्या माणसानं हळू बोलायचं तरी कसं? आमच्यात "काय करालायस" विचारलं तरी गल्लीतल्या चार घरांतनं उत्तरं येतात.

आक्का_गडहिंग्लज

हसवलंस पोरा. पण एक कामाचं सांगते. पुष्कळ बायका आवाज जपायचा म्हणून कुजबुजत बोलतात. कुजबुजल्यानं स्वरयंत्रावर जास्त ताण येतो. एक तर मऊ साध्या आवाजात दोन शब्द बोलायचं, नाही तर पाटीवर लिहायचं. मास्तरीण आहे, पाटी घरात असणारच.

बावड्याची_लेक

आहे पाटी! लेकीचीच. सकाळपासून तिच्यावर लिहून दाखवतेय, तिला अजून वाचता येत नाही, म्हणून ती चित्रं काढायला लावते.

तुम्हा सगळ्यांचं वाचून काल संध्याकाळी नवऱ्याला फोन हातात दिला. त्यांनी छातीठोक डॉक्टरांचं आईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "पहिला श्वास तुझ्याशेजारी घेणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं." आज सकाळी त्यांनीच पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वजन ५२ किलो, म्हणून चार गोळ्या. घेतल्या.

शाळामास्तर

शाब्बास. शाळेचं काय केलंत?

बावड्याची_लेक

तोच काटा आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. रजेचा अर्ज दिला तर मला सांगितलं गेलं, "कारण लिहू नका, पालक बिथरतील. आणि पुन्हा येऊच नका, तुम्हालाच बरं पडेल." आठ वर्षं शिकवतेय मी तिथं. माझ्या वर्गातल्या पोरांची तपासणी व्हायला हवी की नको, हे कुणीच विचारलं नाही. याचा मला जास्त राग आला.

शाळामास्तर

तुमचा राग योग्य आहे. राजीनामा लिहून देऊ नका. डॉक्टरी दाखल्यावर रजा घ्या, अर्जाची पोच घ्या. मी स्वतः गाठींचा टीबी घेऊन दोन महिन्यांत वर्गावर परतलो होतो. वर्गातल्या मुलांबद्दल तुमच्या उपचार केंद्रातल्या माणसांना सांगा, कुणाला तपासायचं ते तेच ठरवतील. तुम्ही गावभर सांगत फिरायची गरज नाही.

गल्लीतली_आशा

मी आशा सेविका आहे, करवीर तालुक्यात. ताई, तुमची नोंद निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबीच्या पोर्टलवर, झाली का ते बघा. सरकारी असो नाहीतर खासगी, टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करावीच लागते, २०१२ पासून तसा नियम आहे. नोंद झाली की पोषण आहाराचे पैसे खात्यात येतात. आधी महिन्याला ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. आधार आणि बँकेचं पासबुक द्यायचं. पैसे उशिरा आले तर गप्प बसू नका, माग काढा.

दुसरं, पुष्कळ सुना मला सांगतात, "ताई, साडी नेसून दारात येऊ नका, गल्लीला कळतंय." मग मी भाजी घ्यायच्या निमित्तानं येते. देवळात भेटते. एकीला मी पाच महिने अंबाबाईच्या देवळाबाहेर गोळ्यांबद्दल विचारत होते, तिच्या घरात कुणाला पत्ता नव्हता. तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, हे फार मोठं बळ आहे.

जुनीपानं

सीपीआरचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयांतर करतो. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्राचाच होता. कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर नेमलं होतं, म्हणजे आपल्या आजच्या सीपीआरवर. त्या इथे येऊन कामाला लागल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वय २१.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला जगासमोर मांडला होता, म्हणजे कशानं मरतोय हे कळलं होतं. पण औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. मी जेव्हा जेव्हा सीपीआरच्या दारावरून जातो तेव्हा मला वाटतं, इथे एका बाईची खुर्ची रिकामी राहिली होती. ताई, तुम्ही त्याच दवाखान्यातून पाकीट घेऊन आलात.

रंकाळावारा

अंगावर काटा आला. कोल्हापुरात जन्म गेला, हे माहीत नव्हतं.

आक्का_गडहिंग्लज

माझी मावशी मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होती. मी लहान होते. आई मला फाटकाबाहेर उभी करायची आणि मावशी लांबून पदर हलवायची. तेव्हा ९०-९० इंजेक्शनं घ्यायची. ती घरी आली, पण कानानं अधू झाली. म्हणून स्ट्रेप्टोमायसिनचं नाव निघालं की मला तिची ती मान वाकडी करून ऐकायची सवय आठवते.

बावड्याची_लेक

आज सोळावा दिवस.

तिसऱ्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी रडायलाच लागले, मला वाटलं रक्त आहे. आशाताईंना फोन केला, त्या म्हणाल्या रिफॅम्पिसिननं होतं ते, घामही तसाच दिसेल. कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

गिळताना कळ निम्म्यानं कमी झालीय. मऊ भात, नाचणीची आंबील आणि उकडलेली अंडी यावर दिवस काढले. डोहाळे मात्र तांबड्या रश्श्याचे लागलेत. थोरलीला काही निघालं नाही, तिला आयसोनियाझिड सुरू झालंय. गोळी चुरून देते, तोंड वेडंवाकडं करते पण घेते. बी-सिक्सची गोळी मलाही रोज आहे.

एक शंका. सकाळी उलट्या होतात. त्या गरोदरपणाच्या की गोळ्यांच्या, कसं ओळखायचं?

छातीठोक

नेमका प्रश्न. सुरुवातीला दोन्हींनी होतात. पण पाचव्या महिन्यानंतर उलट्या नव्यानं वाढल्या, जेवणावरची वासना गेली, पोटात उजवीकडे दुखलं, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी केशरीवरून काळ्या चहासारखी झाली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना. यकृताची तपासणी लगेच व्हायला हवी. "उद्या बघू" नको. नजर धूसर वाटली किंवा लाल-हिरव्यात गफलत व्हायला लागली तरी लगेच सांगा, ते इथॅम्ब्युटॉलमुळे असू शकतं.

साधी मळमळ असेल तर गोळ्यांची वेळ बदलून बघता येते, डॉक्टरांना विचारून. पित्ताचं पातळ औषध मात्र गोळ्यांसोबत घेऊ नका, त्यानं आयसोनियाझिड अंगात नीट शोषलं जात नाही.

हुपरीकर

आणि तांबड्याचं काय?

आक्का_गडहिंग्लज

घसा भरेपर्यंत तांबडा बंद. पांढरा कोमट करून, मिरी कमी घालून द्या. मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध, पोटुशीला आणखी काय पाहिजे. तांबडा बारशाला.

बावड्याची_लेक

साडेचार महिन्यांनी आले. आवाज आलाय! थोडा घोगरा आहे, पण माझाच आहे.

डोहाळजेवण केलं, उशिरा, थुंकी साफ आल्यावर. अंगणात केलं, खोलीत नाही. सासूबाईंनी स्वतः ओटी भरली, आणि एका पाहुणीनं लांबूनच हळदीकुंकू लावून घेतलं तेव्हा तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिची थुंकी साफ आहे. तुझी तपासलीस का?"

बारा दिवसांपूर्वी मुलगा झाला. २ किलो ७०० ग्रॅम. रिफॅम्पिसिन चालू असल्याचं प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी बाळाला जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन के दिलं. मुलांच्या डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं, माझे रिपोर्ट बघितले आणि बीसीजी दिली. प्रसूतीच्या वेळी माझ्या थुंकीत जंतू असते तर आधी बाळाला आयसोनियाझिड आणि बीसीजी नंतर, असं झालं असतं म्हणाले. अंगावर पाजतेय. औषध दुधात उतरतं ते अगदी थोडं, त्यानं बाळाला अपाय नाही आणि त्याच्यासाठी औषध म्हणूनही ते पुरत नाही, हे मला दोनदा समजावून सांगितलं.

शाळेत पुढच्या सत्रात रुजू होणार आहे. अर्जाची पोच जपून ठेवली होती.

परदेशी_मैना

किती आनंद झाला म्हणून सांगू! एक आठवण करते, संततिनियमनाच्या गोळ्यांवर रिफॅम्पिसिनमुळे भरवसा राहत नाही. डॉक्टरांना दुसरा उपाय विचारा. मला हे उशिरा कळलं, आणि माझं दुसरं त्यामुळेच आहे. गोड आहे, पण तरी.

कट्ट्यावरचा

आमच्या सुनेला मुलगी झाली. दूध उकळूनच चाललंय. बारशाला तांबडा माझ्याकडून.

कागलची_नवी

नमस्कार, आजच सगळा धागा वाचून काढला. माझ्या धाकट्या बहिणीला मानेच्या गाठींचा टीबी आहे, गरोदरपणाचा तिसरा महिना चालू आहे. गोळ्या सुरू करून दीड महिना झाला आणि गाठी कमी व्हायच्या तर एक उलट मोठी झालीय. गोळ्या लागू पडत नाहीत म्हणून घरचे बंद करा म्हणतायत. काय करू?

छातीठोक

बंद करू नका. गाठींच्या टीबीत उपचार चालू असताना गाठ फुगते, कधी नवी येते, कधी फुटून वाहते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीर पेटून उठतं, त्यानं असं होऊ शकतं. पण औषधाला दाद न देणारा टीबी नाही ना, हे पाहिल्याशिवाय तसं गृहीत धरायचं नाही. या आठवड्यात दाखवा. पहिल्या वेळी गाठीतून सुईनं घेतलेल्या नमुन्याची रिफॅम्पिसिनसाठी तपासणी झाली होती का, तो कागद सोबत न्या.

बावड्याची_लेक

कागलच्या ताई, बुधवारी मी सीपीआरला बाळाला घेऊन येणार आहे, दहाच्या सुमारास. बहिणीला घेऊन या. एकटीनं रांगेत बसायला नको. मला व्यक्तिगत निरोप टाका, कुठे उभी राहीन ते कळवते.